लिंपलेला कोनाडा

काठ

कवठवाडीच्या बौद्धवाड्यातली विहीर सात परस खोल. परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. बहात्तरच्या दुष्काळात पार मुरुडपर्यंतच्या विहिरींनी माना टाकल्या, तरी हिच्यात घागर बुडत होती. त्र्याऐंशीच्या वैशाखात मात्र हिनंही तळ दाखवला.

गाळ काढायचं काम मंजूर झालं. आदल्या ऑगस्टात उस्मानाबाद फोडून लातूर जिल्हा नवा केला होता. त्यामुळे अर्ज एका कचेरीत पडून राहिला आणि मंजुरी दुसऱ्याच कचेरीतून आली. वरच्या आळीतला शेषेराव मुकादम झाला. घरचं चार एकर करपलेलं होतं, म्हणून तोही कामावरच होता, फक्त सावलीत.

"निजलो उस्मानाबादेत, उठलो लातुरात," तो म्हणे. "बाज तीच, ढेकणं तीच."

"तुमाला इचारलं व्हतं का?" सुमनबाईनं डोईवरचं टोपलं सावरत विचारलं.

"मला? मला घरात बायकू इचारत न्हाई."

बायका हसल्या. चांगुणाही हसली. तिचं वय शेहेचाळीस. नवरा भीमा लातुरात नव्या कचेरीच्या बांधकामावर विटा वाहत होता. घरी फक्त सासू, सरजाबाई. पंचाहत्तरी उलटलेली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, कान मात्र मुंगी चालली तरी ऐकतील असे.

त्या दुपारी भाकरी मोडताना सरजाबाई म्हणाली, "चांगुणे, हिरीला किती दिस लागत्याल?"

"आठ-धा."

"मंग पाणी लागायच्या आत मला काठावर घिऊन चल. मला टाकायचंय."

"काय टाकायचंय, आत्या?"

सरजाबाईनं चुलीमागच्या भिंतीकडे तोंड केलं. "ते. आतले."

चांगुणाच्या हातातला घास हातातच राहिला.

"तुज्या मामानी टाका म्हणले, तवा म्या न्हाई टाकले," म्हातारी म्हणाली. "तुला म्हाईतच हाय. तुझ्याच हातून लपिवले म्या."

"मंग आता कामून?"

"आता टाक म्हणणारं कोणी न्हाई. म्हणून."

म्हातारीनं उरलेली भाकरी खाल्ली. चांगुणानं खाल्ली नाही. त्या भिंतीत देव नव्हते. चार गोटे होते. हे सगळ्या जगात एकट्या चांगुणाला ठाऊक होतं.

एक परस

इथपर्यंत दगडी पायऱ्या आहेत. छप्पन साल सरता सरता याच पायऱ्यांवर चांगुणाचा सासरा ग्यानोबा उभा राहिला होता. अंगात धुतलेली पांढरी बंडी. लातुरातून एक मास्तर आले होते, ते बौद्ध होण्याच्या एकेक प्रतिज्ञा म्हणत आणि अकरा घरांची माणसं त्यांच्यामागून म्हणत. देव पांढऱ्या फडक्यात बांधून आणा, असं ग्यानोबानं आदल्या दिवशी घरोघर सांगितलं होतं.

"ज्यांच्या देवळात आपल्याला जागा न्हाई," तो म्हणायचा, "त्यांना आपल्या घरात जागा कामून?"

याला उत्तर कोणाजवळ नव्हतं. सरजाबाईजवळही नव्हतं. पण उत्तर नसलं की माणूस ऐकतंच असं नाही. त्या सकाळी तिनं सुनेला चुलीपाशी बोलावलं, आपल्या ओच्यातून चार गोटे काढून तिच्या हातावर ठेवले आणि एक हिरवा खण दिला.

"गोटे पांढऱ्यात बांध अन मामाच्या हातात दे. देव हिरव्यात बांध अन मला आणून दे. बोलू नको कोणाला."

चांगुणा एकोणीस वर्षांची. लग्नाला वर्ष झालेलं. समोर पत्र्यावर उठवलेले तीन टाक, आणि बोटभर उंचीची पितळी देवी. सरजाबाईनं ती देवणीकडच्या माहेराहून आणली होती. चिंचेनं घासून घासून तिचं नाक झिजून सपाट झालं होतं.

चांगुणानं दोन गाठोडी बांधली. पांढरं सासऱ्याला दिलं, हिरवं सासूला.

देव पांढऱ्यात होते.

ग्यानोबानं पायरीवरून हात लांब करून गाठोडं सोडलं. मग दुसऱ्या घराचं, मग तिसऱ्या. अकरा वेळा पाणी वाजलं.

दोन परस

कामून केलं?

हा प्रश्न चांगुणाला कोणी विचारला नव्हता. तिनं स्वतःला मात्र जात्यावर, खुरपताना, बाळंतपणात, खडी फोडताना, सत्तावीस वर्षं विचारला होता. आणि दर वेळी उत्तर निराळं आलं होतं.

त्या सकाळी भाकरी करपली म्हणून सासू बोलली होती, त्याचा राग असेल. पण राग तर रोज यायचा. सासऱ्याचा धाक असेल. पण सासरा गाठोडं उघडून बघणार नव्हता. प्रतिज्ञा पटल्या असतील. त्या तर तोवर ऐकल्याच नव्हत्या, मास्तर दुपारी आले. चूक झाली म्हणावं, तर पांढरं आणि हिरवं न कळण्याइतकी ती खुळी नव्हती.

तिला एवढंच आठवे, की हात पुढं गेला आणि देवी पांढऱ्या फडक्यावर आडवी झाली. आधी हात गेला. कारणं मागून आली, वऱ्हाडामागून येणाऱ्या आगंतुकांसारखी, आणि आली ती जेवूनच गेली.

मग ते तिनं केलं, की तिच्या हातून झालं?

बाकीच्या आयुष्याबद्दल असा प्रश्नच नव्हता. लग्न बापानं ठरवलं. मुलींची नावं सासऱ्यानं ठेवली. बहात्तरला खडी फोडायला कुठल्या रस्त्यावर जायचं ते मुकादमानं सांगितलं. जिल्हासुद्धा दुसऱ्याच कोणीतरी बदलला. शेहेचाळीस वर्षांत तिची म्हणावी अशी ती एकच गोष्ट होती, आणि तीही तिची होती की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं.

तीन परस

हिरवं गाठोडं सरजाबाईनं चुलीमागच्या कोनाड्यात ठेवलं आणि कोनाडा बुजवून वरून पांढऱ्या मातीनं लिंपून घेतला. उघडून बघितलं नाही. तिच्या माहेरची रीत अशी, की झाकलेला देव उघडला तर तो घर सोडतो.

हात जोडता येत नव्हते. ग्यानोबा घरात होता, समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. म्हणून तिनं दुसरी तोड काढली. दर अवसेला ती भिंत लिंपायला घेई. शेणमाती कालवून उजव्या तळव्यानं डावीकडून उजवीकडे पाच फेर काढी, कोनाड्याच्या जागी जरा सावकाश. म्हातारी बाई भिंत लिंपते, तिला कोण काय म्हणणार? ग्यानोबा मरेपर्यंत गावभर सांगायचा, माझ्या घरासारखी भिंत कोणाची नाही.

कडबा कापताना तिचं मधलं बोट अर्धं गेलं होतं. त्यामुळे लिंपणात तीन रेघा लांब उठत आणि मधली तुटक. आंधळ्यानं हात फिरवला तरी कळावं, हा सरजाबाईचा हात.

नातीचा गोवर उतरला, तेव्हा तिनं भिंत लिंपली. नामांतराच्या दंगलीत वाड्यातली चार घरं पेटवली गेली. त्यांत हेही होतं. छप्पर जळालं, वासे जळाले, ती भिंत उभी राहिली. "बघ," ती सुनेला हळूच म्हणाली होती. चांगुणानं बघितलं. मातीची भिंत होती, माती जळत नाही. पण राखेत उभ्या असलेल्या बाईला हे सांगायचं कसं? आणि सांगून तिला द्यायचं काय?

म्हणून ती गप्प राहिली. गप्प राहणंही आपण ठरवलं की नुसतं राहिलो, हेही तिनं पुढं स्वतःला विचारलं.

चार परस

चौथ्या परसात घागरीचा एक काठ निघाला आणि एका चपलेचा तळ. शेषेरावानं तळ उलटासुलटा करून बघितला आणि डाव्या पायाचा आहे म्हणाला.

पाच परस

सहाव्या दिवशी खालून व्यंकटीची हाक आली. व्यंकटी भीमाचा चुलतभाऊ, अंगानं बारीक, म्हणून खाली उतरायचं काम त्याचं.

"वहिनी, पुढलं टोपलं सांभाळून घ्या. आत कायतरी हाय."

दोर ओढला. टोपल्यात काळा गाळ, आणि गाळातून पितळेचा एक डोळा बघत होता.

चांगुणानं पदरानं पुसलं. नाक सपाट होतं. खालून तीन टाक निघाले, एकमेकांना चिकटलेले, हिरवे पडलेले. फडक्याचा मागमूस नव्हता.

बायका गोळा झाल्या. शेषेरावानं टोपी काढून कपाळाला हात लावला. "आण इकडं," तो म्हणाला. "मारोतीच्या पारावर ठिवतो. उघड्यावर देव बरा न्हाई."

"माझे हायेत," चांगुणा म्हणाली.

"तुझे? तुमी तर सोडले व्हते की."

"म्हणूनच हिरीत निघाले."

शेषेरावाला ते पटलं. सुमनबाई म्हणाली, "ग्यानोबामामाचं इमान म्हणायचं. बोलला तसं केलं." मग तिच्याच ध्यानात काहीतरी आलं आणि तिनं टोपल्यात वाकून बघितलं. अकरा घरांची अकरा गाठोडी याच विहिरीत गेली होती. व्यंकटी खाली हातभर आणखी उकरून वर ओरडला, "आता निस्ते गोटे हायेत."

"बाकीचे गाळात रुतले असत्याल," सुमनबाई म्हणाली.

"हाव, रुतले असत्याल," दुसरी म्हणाली.

विहिरीत गोटे निघतातच. गोट्यांवर कोणाच्या घराचं नाव नसतं.

चांगुणानं देव पदरात बांधले. ही गोष्ट दिवस मावळेपर्यंत सरजाबाईच्या कानावर जाणार होती. म्हातारीनं सत्तावीस वर्षं ज्यांच्या भरवशावर काढली ते तिथं नव्हते, हे तिला सुमनबाईच्या तोंडून कळणार होतं. आणि आता, डोळे गेल्यावर, आपल्या मर्जीनं सोडायला निघालेल्या बाईला कळणार होतं, की सोडायला हातात काही नाहीच.

दुपारची सुट्टी झाली तशी ती घराकडे निघाली. भरभर.

सहा परस

सरजाबाई बाहेर लिंबाखाली कलंडली होती. चांगुणा आत गेली, विळ्यानं कोनाड्याचं तोंड खरवडलं. ढेकूळ निघालं. आत हिरव्या खणाची चाळण झालेली, तिच्यात चार गोटे. तिनं ते काढून चुलीजवळ ठेवले. खणाच्या चिंध्यांत देव बांधले, गाठोडं आत सारलं, माती भिजवून तोंड लिंपलं. सासूसारखेच फेर काढले. पाच. डावीकडून उजवीकडे.

हे तिनं का केलं, याचं कारण या वेळी तिला आधीच ठाऊक होतं. सुमनबाई घरी पोचायच्या आत म्हातारीला खरं काहीतरी टाकायला मिळावं. ज्या विहिरीतून देव निघाले, त्याच विहिरीत टाकायला ते भिंतीत परत ठेवायचे. हसण्यासारखंच होतं. तिला हसू आलं नाही.

मागं काठी वाजली.

"कोण हाय?"

"मी, आत्या. वल राहिली व्हती भिताडाला, जरा लिंपून घेतलं."

"उन्हाळ्यात वल?"

सरजाबाई भिंतीजवळ आली. तळवा टेकवला, फिरवला. तीन ठिकाणी बोटं थांबली.

"ह्यो माझा हात न्हाई," ती म्हणाली. "मधलं बोट पुरं हाय."

चांगुणानं मातीचा हात पदराला पुसला.

म्हातारीनं ओलं लिंपण बोटांनी ओरबाडलं, हात आत घातला, गाठोडं काढलं आणि खाली बसली. एकेक टाक चाचपला. देवी हातात आली तसं तिच्या नाकाच्या जागेवरून अंगठा फिरवला. क्षणभर म्हातारीचं तोंड माहेरच्या माणसाला बघावं तसं झालं. मग तिनं ती देवी नाकाजवळ नेली.

"हिला हिरीचा वास यायलाय."

"हाव."

"कवापसून?"

"छप्पनपसून."

बाहेर लिंबावर होला घुमत होता. म्हातारीनं देवी खाली ठेवली.

"मंग म्या हात कोणाला फिरवीत व्हते?"

"गोट्याला. तुमीच दिलेले चार."

"नातीचा गोवर?"

"उतरला आपला आपण."

"अन भिताड?"

"मातीचं हाय, आत्या."

सरजाबाईनं मान हलवली. तिला धक्का बसला असावा, पण तोंडावरून काही कळेना. मोतीबिंदू झाला की माणसाचे डोळे आतलं बाहेर येऊ देत नाहीत. मग तिनं विचारलं, "कामून केलंस?"

सत्तावीस वर्षं ज्याची वाट बघितली तो प्रश्न समोर आला. रागाचं उत्तर होतं, धाकाचं होतं, चुकीचंही होतं. तिन्ही हाताशी होती आणि तिन्ही सोयीची होती.

"माझी मर्जी व्हती," चांगुणा म्हणाली.

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की हे आता खरं झालं. छप्पन साली ते खरं होतं की नाही, देव जाणे. आणि तो तर इथं चिंध्यात पडला होता. पण आज तिनं ते आपलं म्हणून उचललं, आणि उचलल्यावर त्याचं वजन तिच्याच डोक्यावर आलं. टोपल्यात गाळ भरतो दुसराच, पण डोक्यावर घेतला की टोपलं आपलं होतं.

"मर्जी," म्हातारी म्हणाली. "एवढुशी व्हतीस तू."

"एकोणीसची व्हते."

"भाकर करपीत व्हतीस."

"अजून करपती की."

म्हातारी नाकातून हसली. मग हात पुढं केला. "गोटे कुठंत?"

"चुलीपाशी."

"दे."

"अवं, ते निस्ते गोटे हायेत."

"म्या काय जन्मभर देवाला भ्याले व्हय? म्या ह्या गोट्यांना भ्याले. जे धरलं व्हतं, तेच सोडाया पायजे." तिनं देव खणासकट सुनेकडे सरकवले. "हे तुझे. तू टाकले व्हते, तू बघ."

सात परस

शेषेरावानं दोघींना येताना बघितलं आणि बाजेवरून उठला. सरजाबाई काठाशी बसली. पदरात चार गोटे.

"व्यंकटी," तिनं खाली हाक मारली, "वर ये रे लेकरा. डोक्यात पडंल."

व्यंकटी दोर धरून वर आला, गुडघ्यापर्यंत काळा.

"काय चाललंय, माय?" शेषेराव म्हणाला. "गाळ काढाया धा माणसं लावली अन तू वरून धोंडे टाकतीस? साहेबाला काय लिहून देऊ मी?"

"लिव्ह की. सरजाबाईनं टाकले म्हणून लिव्ह."

"कामून टाकले म्हणून लिव्हू?"

"तेवढं सोडून दे."

तिनं पहिला गोटा सोडला. तळाशी चिखल होता, नुसता धप्प आवाज आला. दुसरा. मध्ये तिनं विसावा घेतला, कान देऊन ऐकलं. तिसरा. चौथा हातात बराच वेळ राहिला. सुमनबाई जवळ आली. म्हातारीचा हात धरावा असं तिला वाटलं असावं, पण तिनं धरला नाही. चौथा गोटा पडला तो चिखलात नाही. पाणी वाजलं, थोडंसं.

"झरा लागला," व्यंकटी म्हणाला.

"चमत्कार म्हणावं का काय," शेषेरावानं परत टोपी काढली.

"सकाळपसून पाझरायलं व्हतं," व्यंकटी म्हणाला. "पायाला लागत व्हतं माझ्या. म्या जेवायच्या आधी सांगणार व्हतो, तेवढ्यात देव निघाला."

तो परत खाली उतरला. पुढच्या टोपल्यात गाळाबरोबर ते चार गोटे वर आले. किंवा दुसरे चार. चांगुणानं टोपलं डोक्यावर घेतलं आणि ढिगावर नेऊन ओतलं.

काठ

श्रावणात नव्या जिल्ह्याच्या याद्या नव्यानं करायला लातुरातून एक माणूस आला. घरोघर बसून लिहून घेत होता. विहिरीत तेव्हा चार परस पाणी होतं. चांगुणानं त्याला तांब्या भरून दिला. सरजाबाई दाराशी बाजेवर होती. भिंत त्या दुपारपासून कोणी लिंपली नव्हती आणि तिचे पोपडे सुटत होते.

"धर्म?"

"बौद्ध."

त्यानं लिहिलं. मग त्याची नजर चुलीमागं गेली. तिथं कोनाडा उघडा होता, आणि त्यात तीन हिरवे टाक आणि नाक झिजलेली एक देवी, उजेडात. फूल नाही, कुंकू नाही, शेजारी काड्याची पेटी आणि मिठाचं गाडगं.

"अन हे?"

"ते व्हते."

"टाकले न्हाईत?"

"टाकले व्हते. हिरीनं परत दिले. आता परत पिण्याच्या पाण्यात कशाला टाकायचे?"

"पारावर तरी द्यायचे."

"मागितले व्हते शेषेरावानी. म्या न्हाई दिले." चांगुणा जरा थांबली. "भिताडात लपिवले तर भ्या वाटतं. उघडे ठिवले तर काय वाटत न्हाई. बघितलं म्या करून."

त्या माणसाला हे नोंदवायला जागा नव्हती. तरी त्याला कुतूहल वाटलं. पेन टेकवून त्यानं विचारलं, "म्हणजे तुम्ही लोकांनी देव सोडले कोणत्या साली?"

"म्या छप्पनला," चांगुणा म्हणाली.

"अन म्या औंदा," बाजेवरून सरजाबाई म्हणाली.

त्यानं एकदा सुनेकडे बघितलं, एकदा सासूकडे. मग कागद उलटला आणि घरात शेरडं किती आहेत ते विचारलं.